रंगांतील विषाची पारख

नाशिक जिल्ह्यांतील येवलें हें गांव महाराष्ट्रास विशेषतः पैठणीमुळें परिचित आहे. तेथील हातमागांवर विणलेलें गर्भरेशमी लुगडें, त्याच्या पदरावरचे मोर आणि नारळी कांठ यांचें कौतुक पिढ्यान्‌पिढ्या चालत आलें आहे. पण या गांवाचें रंगाशीं असलेलें नातें पैठणीपुरतेंच संपत नाहीं. रंगपंचमीच्या दिवशीं येवल्यांत रंगांचे सामने होतात. समोरासमोर आलेल्या वाहनांतून रंगीत पाण्याचा मारा चालतो आणि सारा रस्ता न्हाऊन निघतो. शिवाय कोणत्याहि बाजारपेठेप्रमाणें येथेंहि मिठाईच्या परातींतून पिवळे, केशरी आणि गुलाबी पदार्थ मांडलेले दिसतात. अंगावर नेसण्याचा रंग, अंगावर उडविण्याचा रंग आणि पोटांत जाणारा रंग, असे हे तीन रंग एकाच गांवांत नांदतात.

हे तिन्ही रंग डोळ्यांना सारखेच मोहक वाटतात. परंतु त्यांतील कोणता निरुपद्रवी व कोणता विषारी, हें डोळा सांगूं शकत नाहीं. जीभ सांगूं शकत नाहीं, आणि त्वचाहि बहुधा पुष्कळ उशीरां सांगते. हा निवाडा करण्याचें काम सरकारी प्रयोगशाळांकडे आलें आहे. तें काम कसें चालतें, त्यांतून कायदा कसा निघतो आणि त्या कायद्याचें छत्र कोणावर कितपत येतें, हें समजून घेणें प्रत्येक घराच्या हिताचें आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जगांतील बहुतेक रंग वनस्पति, किडे किंवा खनिजें यांपासून मिळत. नीळ, मंजिष्ठ, लाख, हळद, कुसुंबा हीं नांवें जुन्या घरांतून परिचयाचीं होतीं. सन १८५६ मध्यें विल्यम पर्किन या अवघ्या अठरा वर्षांच्या इंग्रज विद्यार्थ्याच्या हातीं, क्विनीन बनविण्याच्या खटपटींत, दगडी कोळशाच्या डांबरापासून एक जांभळा रंग लागला. त्यानंतर दोनच वर्षांनीं पीटर ग्रीस यानें एक नवी रासायनिक प्रक्रिया शोधून काढली, आणि तिच्यांतून पुढें ‘अॅझो’ नांवाच्या रंगांचें अफाट कुटुंब जन्मास आलें. या रंगांच्या रेणूमध्यें नायट्रोजनचे दोन अणू एकमेकांशीं दुहेरी बंधानें जोडलेले असतात व त्यांच्या दोन्ही बाजूंस कार्बनची कडीं लटकलेलीं असतात. कडीं बदललीं कीं रंग बदलतो. त्यामुळें पिवळ्यापासून काळ्यापर्यंत हजारों छटा स्वस्तांत तयार होऊं लागल्या. सन १८८४ मध्यें ‘काँगो रेड’ हा तांबडा रंग बाजारांत आला. त्यानें सुती कापड कोणत्याहि पूर्वसंस्काराशिवाय नुसत्या उकळत्या पाण्यांत रंगूं लागलें. रंगाऱ्याचे श्रम एका दिवसांत अर्ध्यावर आले म्हटलें तरी चालेल. पण हा रंग ज्या द्रव्यापासून बनला होता त्याचें नांव बेंझिडिन, आणि तें द्रव्य पुढें मोठें घातक ठरावयाचें होतें.

या घाताची पहिली खूण प्रयोगशाळेला मिळाली नाहीं, ती रुग्णालयाला मिळाली. जर्मनींतील फ्रँकफुर्ट येथील शस्त्रवैद्य लुडविग रेन यांना १८९५ सालीं असें आढळून आलें कीं, मूत्राशयांत गाठ झालेले कांहीं रोगी फुक्सिन नांवाचा रंग तयार करणाऱ्या एकाच धंद्यांतले आहेत. ही संगति केवळ योगायोगाची नसावी, असें त्यांनीं जाहीर केलें. तथापि शंका आणि सिद्धता यांत अंतर असतें. रोग जडावयास वीस-पंचवीस वर्षें लागत. तोंपर्यंत कामगारानें धंदा बदललेला असे किंवा तो वृद्ध झालेला असे. उंदरांवर प्रयोग करावे तर त्यांच्या मूत्राशयावर परिणाम दिसेना. अखेर १९३८ सालीं विल्हेल्म ह्यूपर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं कुत्र्यांना नॅफ्थिलअमाइन हें रंगद्रव्यांतील एक रसायन दीर्घकाळ देऊन मूत्राशयाचा कर्करोग घडवून दाखविला. रेनच्या शंकेपासून या सिद्धतेपर्यंत त्रेचाळीस वर्षें लोटलीं होतीं. तेवढ्या काळांत किती कामगारांनीं तो रंग हाताळला असेल याचा हिशेब करणें कठिण आहे.

याच सुमारास जपानांत दुसरा एक शोध लागला. लोण्याला व कृत्रिम लोण्याला सुंदर पिवळा वर्ण देणारा ‘बटर यलो’ नांवाचा अॅझो रंग उंदरांच्या खाण्यांत मिसळला असतां त्यांच्या यकृतांत कर्करोग होतो, असें किनोसिता यांनीं १९३६ सालीं दाखविलें. म्हणजे रंगाचें विष केवळ कारखान्याच्या भिंतीआड राहिलेलें नव्हतें. तें न्याहारीच्या ताटापर्यंत पोंचलेलें होतें.

रेशमाच्या गांवाला अधिक जवळची वाटावी अशी हकीकत क्योटो शहराची आहे. तेथें किमोनो या रेशमी वस्त्रावर कुंचल्यानें चित्रकाम करणारे कसबी कारागीर आहेत. कुंचल्याचें टोंक अणकुचीदार राहावें म्हणून तें जिभेनें किंवा ओठांनीं सारखें करण्याची संवय त्यांच्यांत पुष्कळांना होती. १९७० च्या आसपास जपानी वैद्यांच्या असें नजरेस आलें कीं, मूत्राशयाच्या कर्करोगाच्या रोग्यांत या रंगकाम्यांचें प्रमाण वाजवीपेक्षां अधिक आहे. कुंचल्याच्या टोंकावर एका वेळीं कितीसा रंग असणार? पण दिवसांतून शेंकडों वेळां आणि आयुष्यांतून तीस-चाळीस वर्षें तो पोटांत गेला, म्हणजे थेंबाचें तळें होतें.

आंत गेलेला रंग विष कसा बनतो, हें समजलें म्हणजे पुढचा कायदा समजतो. अॅझो रंगांतील पुष्कळसे रंग जसेच्या तसे फारसे अपायकारक नसतात. परंतु आंतड्यांतील जंतु व यकृतांतील विकरें नायट्रोजनचा तो दुहेरी बंध तोडतात. रेणूचे दोन तुकडे होतात, आणि त्यांपैकीं एखादा तुकडा बेंझिडिनसारखा असेल तर तो रक्तावाटे मूत्रपिंडांत व तेथून मूत्राशयांत जाऊन पेशींच्या गाभ्यांतील आनुवंशिक द्रव्यास चिकटतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेनें बेंझिडिनपासून बनलेले निळा, काळा व तपकिरी असे तीन रंग उंदरांना अवघे तेरा आठवडे खाऊं घातले. एवढ्या अल्प काळांत उंदरांच्या यकृतांत कर्करोगाच्या गाठी दिसूं लागल्या, असें तिनें १९७८ सालीं प्रसिद्ध केलें. कारखानदाराचें म्हणणें असें होतें कीं, कच्चें बेंझिडिन घातक असेल, पण तयार रंग निर्धोक आहे. या प्रयोगानंतर त्या युक्तिवादांत जीव राहिला नाहीं.

एखाद्या पदार्थाची विषारता मोजण्याची सर्वसाधारण पद्धति अशी आहे. प्रथम एकाच मोठ्या मात्रेचा परिणाम पाहतात. मग नव्वद दिवस रोज लहान मात्रा देऊन वजन, रक्त, यकृत, मूत्रपिंड यांत काय फरक पडतो तें तपासतात. त्यानंतर उंदराच्या जवळजवळ सबंध आयुष्याएवढा, म्हणजे सुमारें दोन वर्षांचा, प्रयोग होतो. गर्भावर व संततीवर होणारा परिणाम निराळा पाहिला जातो. ब्रूस एम्स यांनीं १९७० नंतरच्या दशकांत जंतूंवर करावयाची एक चटकन् होणारी परीक्षा रूढ केली. तिनें आनुवंशिक द्रव्यावर घाला घालणारे पदार्थ थोड्या दिवसांतच संशयितांच्या यादींत येऊं शकतात.

या सर्व प्रयोगांतून एक मात्रा अशी हातीं येते कीं, जिच्यापर्यंत जनावरांत कसलाहि अपाय दिसत नाहीं. त्या मात्रेला शंभरानें भागतात. अमेरिकेच्या अन्न व औषध खात्यांतील लेहमन व फिट्झह्यू यांनीं १९५४ मध्यें हा शंभराचा भाजक सुचविला. दहा एवढ्यासाठीं कीं, माणूस उंदरापेक्षां दहापट नाजूक असूं शकेल. आणि आणखी दहा एवढ्यासाठीं कीं, माणसामाणसांतहि कोणी मूल, कोणी गर्भवती, कोणी दुखणाईत असतें. भागाकारानें जो आंकडा येतो तो रोज, जन्मभर, पोटांत गेला तरी चालेल असा मानतात. हा आंकडा शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागें दिलेला असतो, ही गोष्ट विसरतां कामा नये; कारण तिच्यांतच लहान मुलांचा प्रश्न दडलेला आहे.

जें द्रव्य आनुवंशिक गाभ्यासच धक्का लावतें, त्याला मात्र हा भागाकार लावीत नाहींत. तेथें ‘इतकें चालेल’ अशी सुरक्षित रेषा आंखतां येत नाहीं, असें धरून तें द्रव्य वर्ज्यच ठरवितात. मात्रेच्या मर्यादेनें नियमन आणि सरसकट बंदी हे दोन निरनिराळे उपाय कां आहेत, याचें उत्तर येथें आहे.

भारतांत या कामाचा पाया स्वातंत्र्यानंतर घातला गेला. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेनें १९६५ सालीं लखनौ येथें औद्योगिक विषविज्ञान संशोधन केंद्र स्थापन केलें, डॉ. सिब्ते हसन झैदी हे त्याचे संस्थापक संचालक. तेंच केंद्र आज भारतीय विषविज्ञान संशोधन संस्था या नांवानें ओळखलें जातें. अहमदाबाद येथें भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची व्यवसायजन्य आरोग्याची राष्ट्रीय संस्था आहे, आणि हैदराबाद येथें राष्ट्रीय पोषण संस्था आहे. साधारणतः असें म्हणतां येईल कीं, पदार्थांतील विषाचा विचार लखनौला, कामगाराच्या शरीराचा अहमदाबादेस आणि ताटांतील अन्नाचा हैदराबादेस होतो.

अहमदाबाद हें रंगनिर्मितीचें मोठें केंद्र असल्यामुळें तेथील अभ्यासाला विशेष महत्त्व आहे. बेंझिडिन व त्याचे रंग बनविणाऱ्या ३३ कामगारांची आणि तसें काम न करणाऱ्या १५ जणांची तेथें अमेरिकन शास्त्रज्ञांच्या सहकार्यानें तपासणी झाली व तिचा निष्कर्ष १९९६ सालीं प्रसिद्ध झाला. कामगारांच्या मूत्रांत उतरलेल्या मूत्रमार्गाच्या पेशी गोळा करून पाहतां, त्यांच्या आनुवंशिक द्रव्याला बेंझिडिनचे अवशेष चिकटलेले आढळले. नुसते रंग हाताळणाऱ्यांतहि तो माग सांपडला. रेनला जें रोग जडल्यावर दिसलें, तें आतां रोग जडण्यापूर्वींच दिसूं लागलें, ही या संशोधनाची खरी मातब्बरी होय. कारण रोग जडण्यापूर्वीं दिसलेला धोका टाळतां येतो.

या ज्ञानाचा कायद्यावर परिणाम झाला. भारत सरकारनें बेंझिडिनपासून होणाऱ्या ४२ रंगांवर बंदी घातली व १९९३ पासून ती अमलांत आली. पुढें १९९४ सालीं जर्मनीनें असें ठरविलें कीं, ज्या रंगांचे तुकडे पडून ठराविक घातक अमाइनें निर्माण होतात त्या रंगांचें, अंगाला लागणारें कापड देशांत विकूं द्यावयाचें नाहीं. भारताचा कापडाचा निर्यात-व्यापार एकदम अडचणींत आला. त्यानंतर २६ मार्च १९९७ रोजीं पर्यावरण संरक्षण कायद्याखालीं भारतानें आणखी ७० अॅझो रंग वर्ज्य केले. दोन्ही याद्या मिळून ११२ रंग झाले. दुसऱ्या यादीमागें परदेशी ग्राहकाची चिंता होती हें उघड आहे. पण ज्याचे हात कोंपरापर्यंत रोज रंगांत असतात त्या देशी रंगाऱ्याची चिंता त्या ग्राहकाच्या आधीं व्हावयास हवी होती, असें कोणी म्हटल्यास त्यास उत्तर देणें सोपें नाहीं.

येवल्याच्या दृष्टीनें या बंदीचा अर्थ काय? रेशीम हें लोकरीप्रमाणेंच प्राणिज तंतु आहे. त्याच्यावरचा नैसर्गिक डिंक साबण व सोड्याच्या उकळत्या पाण्यांत काढून टाकतात. त्यांत त्याचें वजन पांचव्या ते चवथ्या हिश्शानें घटतें. मग तें लडीलडीनें आम्लधर्मी रंगाच्या गरम पाण्यांत बुडवून फिरवितात. वर्ज्य ठरलेल्या ७० रंगांत असे आम्लरंगहि होते. त्यांच्या जागीं निर्धोक रंग उपलब्ध आहेत. परंतु लहान रंगाऱ्याला पुडीवर जें व्यापारी नांव दिसतें त्यावरून आंतला रेणू कोणता हें कळत नाहीं. तें कळण्याचा मार्ग प्रयोगशाळेंतून जातो. कापडाचा तुकडा सत्तर अंश सेल्सिअस उष्णतेच्या द्रावणांत ठेवून, आंतड्यांतील जंतु जें काम करतात तेंच रसायनानें करवून घेतात, म्हणजे अॅझो बंध तोडतात. मग सुटलेलीं अमाइनें यंत्रावर मोजतात. दर किलोग्रॅम कापडामागें ३० मिलिग्रॅमहून अधिक अमाइन निघालें तर युरोपच्या नियमांप्रमाणें तें कापड नापास ठरतें. मुंबईस मुख्य कचेरी असलेल्या वस्त्र समितीच्या प्रयोगशाळांतून अशी परीक्षा होते.

येथें एक सार्वत्रिक गैरसमज दूर केला पाहिजे. धुतल्यावर रंग जात नाहीं म्हणजे तो चांगला, आणि जातो म्हणजे तो विषारी, असें पुष्कळ घरांत मानतात. वस्तुतः पक्केपणा व निर्धोकपणा यांचा एकमेकांशीं आवश्यक संबंध नाहीं. हळदीचा रंग उन्हानें उडतो, पण तो विषारी नाहीं. उलट बेंझिडिनचे कित्येक रंग सुतावर चांगले टिकत. त्याचप्रमाणें ‘वनस्पतीचा रंग’ एवढ्यानेंहि निश्चिंत होतां येत नाहीं. वनस्पतिज रंग पक्का करण्यासाठीं जर क्रोमियमचे क्षार वापरले, तर विष पुढच्या दारानें हांकलून मागच्या दारानें घरांत घेतल्यासारखें होतें. तुरटीनें काम भागत असेल तर गोष्ट निराळी.

नेसणाऱ्या स्त्रीला पैठणीपासून असणारा धोका रंगाऱ्याच्या मानानें फार थोडा असतो. ती वर्षांतून चार-सहा वेळां लुगडें नेसते. तो वर्षभर रंगाच्या वाफेंत उभा असतो. विष तेंच, पण संपर्क निराळा. विषारता हा द्रव्याचा गुण आहे आणि धोका हा विषारता व संपर्क यांचा गुणाकार आहे. हा भेद ध्यानांत घेतला तर ग्राहकानें उगाच घाबरून जाण्याचें कारण उरत नाहीं, व कारागिरासाठीं हातमोजे, झांकण असलेलें भांडें आणि हवेशीर जागा यांचा आग्रह धरण्याचें कारण मात्र पुरेपूर उरतें.

आतां पोटांत जाणाऱ्या रंगाकडे वळूं. बहुतेकांस हें ऐकून नवल वाटेल कीं, खाद्य म्हणून मान्य झालेल्या रंगांपैकीं कित्येक रंग मुळांत रेशीम-लोकरीचेच आम्लरंग आहेत. मिठाईंतील टारट्राझिन हा पिवळा रंग कापडाच्या धंद्यांत ‘अॅसिड यलो २३’ म्हणून ओळखला जातो, आणि कधींच मान्य न झालेला मेटानिल यलो हा ‘अॅसिड यलो ३६’ होय. दोन्ही पिवळे, दोन्ही स्वस्त; फरक इतकाच कीं एकाच्या परीक्षा होऊन तो ठराविक शुद्धतेनें व ठराविक मात्रेंत मान्य झाला आणि दुसऱ्यास मान्यता नाहीं. हळद, डाळ व मिठाई यांत मेटानिल यलो मिसळण्याचा प्रकार मात्र जुना आहे. लखनौच्या संस्थेनें या रंगाचा अनेक वर्षें अभ्यास केला. बंगलोरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व तंत्रिका विज्ञान संस्थेंतील नागराज व देशिराजु यांनीं १९९३ सालीं असें दाखविलें कीं, हा रंग दीर्घकाळ खाल्लेल्या उंदरांच्या मेंदूंतील रासायनिक संदेशवाहकांत बदल होतो व त्यांच्या शिकण्याच्या शक्तीवर परिणाम होतो.

अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा १९५४ सालीं झाला. त्याची जागा २००६ च्या अन्नसुरक्षा व मानके कायद्यानें घेतली व त्याचे नियम २०११ पासून लागू झाले. त्या नियमांनीं आठ कृत्रिम रंग मान्य केले, तेहि ठराविक पदार्थांतच, आणि सर्वसाधारण मर्यादा दर किलोग्रॅम पदार्थांत १०० मिलिग्रॅम अशी ठरविली. हळदींत, मसाल्यांत वा डाळींत कृत्रिम रंग मुळींच घालतां येत नाहीं.

ही १०० मिलिग्रॅमची मर्यादा पाळली तर सर्व ठीक, असें वाटणें साहजिक आहे. पण पंधरा किलोग्रॅम वजनाच्या, म्हणजे सुमारें चार वर्षांच्या, मुलाचा हिशेब करून पाहावा. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ-समितीनें टारट्राझिनची रोजची मर्यादा शरीराच्या दर किलोग्रॅममागें १० मिलिग्रॅम ठरविली आहे. या मुलाला ती १५० मिलिग्रॅम होते. तेवढा रंग पोटांत जावयास त्यानें दीड किलोग्रॅम मिठाई खाल्ली पाहिजे, आणि तें अशक्यच. पण एरिथ्रोसिन या गुलाबी रंगाची मर्यादा दर किलोग्रॅममागें केवळ ०.१ मिलिग्रॅम आहे. त्याच मुलाला ती दीड मिलिग्रॅम होते, आणि कायद्याच्या पुरेपूर मर्यादेंत रंगविलेल्या अवघ्या पंधरा ग्रॅम मिठाईंत ती संपते. पंधरा ग्रॅम म्हणजे एक लहानशी वडी. एका दिवशीं ती ओलांडल्यानें मूल आजारी पडत नाहीं, कारण ही मर्यादा जन्मभराच्या रोजच्या सेवनाची आहे. परंतु रोजची संवय असेल तर शंभराचा जो भाजक संरक्षणासाठीं राखलेला आहे, तोच हळूहळू खर्ची पडतो. हैदराबादच्या पोषण संस्थेनें २००४ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत कांहीं मुलांच्या पोटांत या मर्यादेहून अधिक रंग जात असल्याचें आढळलें, तें या हिशेबाशीं जुळणारेंच आहे.

एरिथ्रोसिनवरून शास्त्र व कायदा यांच्यांतील एक मतभेदहि दिसून येतो. या रंगाच्या मोठ्या मात्रेनें नर उंदरांत कंठस्थ ग्रंथीच्या गाठी होतात. त्या ज्या मार्गानें होतात तो मार्ग माणसांत संभवत नाहीं, असें अमेरिकेच्या अन्न व औषध खात्याचें मत आहे. तरीहि जनावरांत कर्करोग घडविणारा रंग अन्नांत चालूं द्यावयाचा नाहीं, असा तेथील १९६० चा कायदा असल्यामुळें त्या खात्यानें जानेवारी २०२५ मध्यें या रंगाची मान्यता काढून घेतली. आंतरराष्ट्रीय समितीनें मात्र २०१८ मध्यें आपली मर्यादा कायम ठेवली होती. प्रयोगाचा आंकडा एकच. पण त्यावरून किती सावध राहावयाचें, हा प्रश्न शेवटीं समाजानें ठरवावयाचा असतो.

जेथें मतभेदाला जागाच नाहीं अशीहि उदाहरणें आहेत. ऱ्होडामाइन-बी हा कापड-कागदाचा झगझगीत गुलाबी रंग अन्नांत कोठेंहि मान्य नाहीं. ‘बुढ्ढी के बाल’ म्हणून जत्रेंत विकल्या जाणाऱ्या साखरेच्या मिठाईंत तो सांपडल्यावर २०२४ सालीं तामिळनाडूनें त्या मिठाईवर बंदी घातली, व कर्नाटकानें तशा रंगाच्या मिठाईविरुद्ध पाऊल उचललें. विकणारा बहुधा गरीब फेरीवाला असतो, आणि खाद्य रंगाच्या डबीपेक्षां कापडाच्या रंगाची पुडी त्यास स्वस्त पडते. त्यास दंड करणें सोपें आहे. ती पुडी त्याच्यापर्यंत पोंचूं न देणें अवघड, पण अधिक उपयोगी आहे.

राहिला रंगपंचमीचा रंग. तो अन्न नसल्यामुळें अन्नाचे नियम त्यास लागत नाहींत, आणि वस्त्रही नसल्यामुळें कापडाची परीक्षा त्याच्या वाट्यास येत नाहीं. सर्वांत मोठ्या प्रमाणावर, थेट डोळ्यांत, तोंडांत व त्वचेवर जाणारा हा रंग तपासणीच्या बाबतींत सर्वांत मागें राहावा, हें चमत्कारिकच म्हटलें पाहिजे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेंतील संशोधकांनीं होळीच्या रंगांनीं डोळ्यांस झालेल्या इजांचा शोध घेतला असतां त्यांना बाजारी रंगांत मॅलाकाइट ग्रीन हें हिरवें रंगद्रव्य आढळलें. २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाप्रमाणें तें डोळ्यांच्या पृष्ठभागाच्या पेशींस अपाय करतें. येवल्यासारख्या गांवांत, जेथें हा सण इतक्या हौसेनें साजरा होतो, तेथें सामन्यांत वापरावयाच्या रंगाचा एक नमुना आधीं तपासून घेण्याची प्रथा पडली, तर सणाचा आनंद तिळभरहि कमी होणार नाहीं.

सरकारी संशोधनाच्या मर्यादाहि लक्षांत असूं द्याव्या. प्रयोगशाळा एका वेळीं एका रंगाची परीक्षा करते. माणूस एका दिवसांत पांच रंग, दोन औषधें आणि तंबाखूचा धूर एकत्र घेतो. नमुना जेथून घेतला तेथलेंच दूषित द्रव्य सांपडतें. जेथें निरीक्षक गेला नाहीं तेथें तें सुखानें नांदतें. आणि निष्कर्ष छापला गेला म्हणून तो हलवायाच्या भट्टीपर्यंत किंवा रंगाऱ्याच्या हौदापर्यंत पोंचतोच असें नाहीं. शेवटचें हें अंतर तोडण्याचें काम शास्त्रज्ञाचें नव्हे. तें नगरपालिकेचें, शाळेचें आणि घराघराचें आहे.

घरांत करतां येण्याजोगीं कांहीं कामें अगदीं सोपीं आहेत. पेलाभर पाण्यांत चमचाभर हळद टाकून स्वस्थ ठेवावी; शुद्ध हळद खालीं बसते व पाणी फिकट पिवळें राहतें, आणि पाणी गडद पिवळें झाल्यास भेसळीचा संशय धरावा. घरीं रंग वापरावयाचाच तर खाद्य म्हणून विकलेली व परवाना क्रमांक छापलेली डबीच घ्यावी, कागदांतली सुटी पुडी घेऊं नये. मुलांसाठीं मिठाई निवडतांना अधिक भडक ती अधिक चांगली, हा समज सोडावा. हलवाई गिऱ्हाइकाच्या डोळ्यासाठींच रंग ओततो, आणि गिऱ्हाइकानें फिकट पेढा मागितला तर तो फिकट पेढाच करतो. रेशमी वस्त्र घेतांना दुकानदारास रंगाविषयीं विचारावें. दहांनीं विचारलें तर अकराव्याच्या आधीं तो स्वतःच रंगाऱ्यास विचारूं लागतो. संशयास्पद पदार्थ आढळल्यास राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करतां येते, आणि कायद्याप्रमाणें ग्राहकासहि ठराविक फी भरून नमुना तपासून घेण्याचा अधिकार आहे.

रेनच्या रोग्यांपासून अहमदाबादच्या कामगारांपर्यंत शंभर वर्षांचा काळ गेला. या काळांत रंगाचें विष ओळखण्याची विद्या पूर्णत्वास आली नसली, तरी पुष्कळ पुढें आली आहे. ती विद्या ज्यांच्या आजारपणांतून मिळाली ते बहुतेक सारे हातानें काम करणारे लोक होते. म्हणून तिचें पहिलें फळ रंगाऱ्याच्या हौदापाशीं पोंचावें, हा न्याय आहे.